वहिनी

माझ्या आईला मी कधी ‘आई’ म्हटलेलं नाही. आम्ही सगळी भावंडं तिला वहिनी म्हणतो. वडील म्हणजे दादा, आणि आई म्हणजे आजी, दादांची आई. चौलच्या आगरात वाढलेल्या माझ्या वयाच्या कुणालाही यात नवल वाटायचं नाही. आमच्या डावीकडच्या वाडीत आईला काकू म्हणत, उजवीकडे जिजी, आणि रामेश्वराच्या वाटेवरच्या एका घरात नुसतंच बाई. मे महिन्यात मुंबईहून येणारी मुलं तेवढी गोंधळायची. तुमची वहिनी एवढी मोठी कशी, असं त्यांतल्या एकीने विचारल्याचं आठवतं.

कारण साधं होतं. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा घरात तीन दीर होते, त्यांतला सर्वांत धाकटा मराठी शाळेत जाणारा. दिवसभर घरात जी हाक घुमायची ती त्यांची. वहिनी, भूक लागली. वहिनी, माझा सदरा कुठाय. वहिनी, पोफळींना पाणी लावलं, आता मी जातो. मूल जे ऐकतं तेच उचलतं. त्यामुळे आमच्या घरातल्या सगळ्या थोरांची नावं धाकट्या काकाच्या तोंडची आहेत. पुढे तो मुंबईला गोदीत नोकरीला लागला. सुरुवातीला शनिवारी भाऊच्या धक्क्यावरून लाँच धरून रेवसला उतरायचा, मग तेही कमी झालं. दुसरे दोघे ठाण्याला गेले. वहिनी हे नाव घरात आणणारे निघून गेले आणि आम्ही मात्र तेच म्हणत राहिलो.

शाळेत ‘माझी आई’ हा निबंध यायचाच. मी तो आजीवर लिहिला. तिचे पांढरे केस, कवळी, नऊवारीच्या ओच्यातली अडकित्त्यासकटची चंची, सगळं आलं त्यात. बाईंनी एका शब्दाखालीही लाल रेघ मारली नाही. त्यांच्याही घरी असंच असावं.

आजीला आम्ही ‘अगं आई’ म्हणायचो आणि वहिनी ‘अहो आई’. एकाच ओटीवर एकाच बाईला दोन्ही ऐकू यायचं. मराठीत आईला तू, वडिलांना तुम्ही. देवालाही तूच, आणि देवीला तर विचारूच नका. आमच्या किनाऱ्यावर कोळ्यांच्या होडीवर ‘आई एकवीरा’ रंगवलेलं असतं आणि तिच्याशीही अरेतुरेच चालतं. सासू तेवढी अहो. आई म्हणायचं खरं, पण तू म्हणायचं नाही, या अटीवर सासूबाईंना तो मान मिळाला. आगरी शेजारणी याबाबतीत अधिक चोख होत्या. मुलगा हाक मारताना ‘आये’ म्हणायचा, पण त्याच्या आईविषयी बोलायचं झालं की ‘आयस’. तुजी आयस, त्याची आयस, तसंच बापूस. आयस अशी हाक कुणी मारत नाही. ती नेहमी कुणाची तरी असते.

या सगळ्या नावांमागे नियम आहेत, हे मला फार उशिरा, इरावती कर्वे वाचताना कळलं. भारतभरच्या भाषांतले नात्यांचे शब्द गोळा करून त्यांनी ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ हे पुस्तक लिहिलं, ते १९५३ साली निघालं. आपल्याकडे सासऱ्याला मामंजी आणि सासूला आत्याबाई का म्हणतात, तर मामाच्या मुलीशी लग्न करायची चाल होती म्हणून. मुलीची आत्याच तिची सासू व्हायची, शब्द बदलायचं कारणच नव्हतं. पण मला सर्वांत गंमत वाटते ती त्यांच्या घराची. अख्ख्या देशातल्या हाका टिपून घेणाऱ्या या बाईंना त्यांची स्वतःची मुलं सरळ ‘इरू’ म्हणत, आणि वडिलांना ‘दिनू’. महर्षी कर्व्यांची ही सून. महर्षींच्या पत्नीला, म्हणजे इरावतींच्या सासूबाईंना, सगळा आश्रम ‘बाया’ म्हणायचा. पुण्यातलं ते घर पुढारलेलं म्हणून त्याची वाहवा होते, ती होऊ दे. पण ‘इरू’ आणि ‘वहिनी’ यांत मला फार अंतर दिसत नाही. दोन्ही घरांत मुलांनी आईला ‘आई’ या पाटावर बसवलं नाही. एका घरात तिचं स्वतःचं नाव वापरलं, दुसऱ्यात तिचं घरातलं काम.

मग ही सर्वांची लाडकी, एकटी, फक्त आपल्या मुलाची अशी ‘आई’ आली कुठून? माझं मत विचाराल तर ती बरीचशी तुरुंगातून आली.

आमच्या जिल्ह्यातलं, पेण तालुक्यातलं गागोदे हे विनोबांचं जन्मगाव, साल १८९५. त्यांच्या आईला, रुक्मिणीबाईंना, गीता समजून घ्यायची होती आणि संस्कृत येत नव्हतं. मिळतील ती मराठी भाषांतरं मुलाने आणून दिली, ती काही तिला उमगेनात. मग तूच का नाही लिहीत, असं ती म्हणाली. मुलाने मॅट्रिकचा दाखला चुलीत घातला तेव्हा, नको असेल तुला, पण ठेवायला काय हरकत होती, असं विचारणारी ही बाई. १९१८ साली ती गेली. विनोबांनी मराठी गीता लिहिली ती १९३०-३१ मध्ये, बारा वर्षांनी, आणि तिचं नाव ठेवलं गीताई. १९३२ साली ते धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं देत होते आणि समोर बसून ती उतरवून घेणारे होते साने गुरुजी. गुरुजी आमच्या खालच्या अंगाचे, दापोलीजवळच्या पालगडचे. त्यांचीही आई गेलेली, विनोबांच्या आईच्या आदल्याच वर्षी, १९१७ साली. पुढच्या फेब्रुवारीत, १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात त्यांनी पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहून काढली. १९५३ साली अत्र्यांनी तिचा चित्रपट केला, त्याला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं, आणि वनमालाबाईंचा चेहरा घराघरांत आईचा चेहरा झाला.

कोकणातले दोन मुलगे, दोघेही अविवाहित, दोघांच्या आया वारलेल्या, आणि दोघे एका तुरुंगात समोरासमोर. मला वाटतं मराठीतल्या आजच्या ‘आई’ला या दोघांचा आवाज आहे. ज्याला आता हाक मारायला कुणी उरलं नाही त्याचा आवाज. साने गुरुजींच्या आईलासुद्धा माहेरी आवडी, बयो अशी नावं होती. तिला त्या नावांनी ओळखणारी माणसं पुस्तकात डोकावतात, पण वाचकाच्या लक्षात राहते ती श्यामची आईच. आगरी बोलीतली ‘आयस’ नकळत छापून आली म्हणा ना.

आमच्या वहिनीने ‘श्यामची आई’ वाचली आणि ती भरपूर रडली. पण तिला त्या बाईचा थोडा हेवाही वाटला, असा माझा संशय आहे. श्यामची आई त्याला न्हाऊ घालते, त्याच्याशी बोलत बसते. वहिनीला आमच्याशी एकटीने बोलायला जागाच नव्हती. सासूसासऱ्यांसमोर स्वतःच्या मुलाला उचलून घेणं, त्याचा पापा घेणं तेव्हा शोभत नसे. दिराचं मूल खुशाल कडेवर घ्यावं, आपलं रडलं तर जावेने उचलावं. मूल आपलं आहे हे दाखवणं म्हणजे जरा निर्लज्जपणाच. अशा घरात ‘आई’ अशी हाक वहिनीला अडचणीचीच झाली असती. ‘वहिनी’ या नावाखाली ती आम्हाला आणि चुलतभावंडांना एकाच पंगतीला एकाच मापाने वाढू शकत होती, आणि वाढायचीही. माझ्या ताटात जास्त खोबरं पडलं असेल तर ते कुणाला दिसणार नाही अशा बेताने पडलं.

त्यामुळे संध्याकाळी मागच्या दारी ती माझी वेणी घालायची तो वेळ माझ्या हिशेबात फार मोठा आहे. तेव्हाही ती बोलायची ते सुपारीच्या भावाबद्दल, आणि कंगवा जोरात ओढायची.

तिची स्वतःची नावं दोन. लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीने जे लिहिलं ते रेशनकार्डावर आहे. माहेरचं मला कळलं तेव्हा मी कॉलेजात होते. मामाच्या घरी एक म्हातारी तिला त्या नावाने हाक मारून गेली, आणि वहिनीने ‘ओ’ दिली ती मला अनोळखी आवाजात. ते नाव मी इथे लिहीत नाही. तिला आवडणार नाही.

माझी मुलं मला आई म्हणतात. घरात दीर नव्हता, सासूबाई गावी होत्या, मुलांना ऐकू येईल असं दुसरं काही नव्हतंच. नवरा मला नावाने हाक मारायचा, तेच मुलाने एकदोन वर्षं चालवलं. मग बालवाडीत गेल्यावर त्याने इतर मुलांचं ऐकून ते सोडलं. माझ्यावर ‘आई’ हा शब्द आला तो असा बालवाडीतून. वहिनीला मात्र तिची नातवंडं वहिनीआजी म्हणतात, आणि त्यांतल्या कुणालाही त्यात विनोद दिसत नाही.

गेल्या वर्षी भावाच्या सुनेला मुलगी झाली. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर नाव लिहायचा क्रम राज्य सरकारने बदलला आहे. आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं, शेवटी आडनाव. निर्णय चांगला आहे, उशिरा झाला एवढंच. जन्मदाखला आला तेव्हा वहिनीने चष्मा पुसून तो दोनदा वाचला. ‘हे दुसरं नाव हिचं ना? माहेरचं की इथलं?’

‘वहिनीआजी, माझं एकच आहे,’ सून म्हणाली.

‘बरं झालं, लिहायला सोपं.’ तिने दाखला परत दिला. ‘आणि ही तुला हाक काय मारणार?’

‘आईच की.’

‘बघू,’ वहिनी म्हणाली. ‘घरात जास्त कोण ओरडतं त्यावर असतं ते.’