गुरुजींनी निवडून दिलेलं

पेटी शिकताना सुरुवातीला पुस्तकांची अडचण पडत नाही. अलंकार, पलटे, दहा थाट, भूपातली एखादी सरगम एवढं कुठल्याही पुस्तकात मिळतं आणि सगळ्यांत सारखंच असतं. खरी अडचण पुढे येते. बोटं फिरू लागतात, पण वाजवलेलं गाण्यासारखं लागत नाही. गांधर्व महाविद्यालय मंडळाची 'प्रवेशिका पूर्ण' झाल्यावर माझं असंच झालं होतं. परीक्षेतला यमन यायचा, पण कळमनुरीत एकादशीच्या भजनात बुवांनी चाल बदलली की हात थबकायचे. यापुढे कशावरून शिकायचं, हे मला ज्यांनी निवडून दिलं त्या गुरुजींचं ऋण आज लिहून ठेवतो आहे.

गुरुजी संगीतशिक्षक नव्हते. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. घरी पालिताणा सुरांची जुनी पेटी होती. आमचा हिंगोली जिल्हा १९९९ साली झाला. त्याआधी आम्ही परभणीचे. रेडिओ परभणीचा, पुस्तकं नांदेडची आणि गाणारी माणसं गावोगावच्या भजनी मंडळांतली. नामदेवांची नर्सी हाकेच्या अंतरावर, त्यामुळे पेटी नाही असं गाव आमच्याकडे सापडणं कठीण. पेटी होती, वाजवणारे होते. पुढचं शिकवणारे फार थोडे.

नांदेडच्या दुकानात तीन तऱ्हेची पुस्तकं मिळत. सिनेगीतांच्या स्वरलिपीची पुस्तकं सगळ्यांत जास्त खपत. गुरुजी म्हणाले, "गाणं पाठ असंल तर याची गरज नाही, पाठ नसंल तर याचा उपयोग नाही." परीक्षेची मार्गदर्शकं दुसरी. त्यांत वादी-संवादी, गानसमय, पकड सगळं असे, पण ते उत्तरपत्रिकेपुरतं. तिसरी होती पंडित भातखंड्यांची 'क्रमिक पुस्तक मालिका', सहा भागांची. गुरुजींकडे हाथरसच्या संगीत कार्यालयाची हिंदी आवृत्ती होती, कापडी बांधणी करून घेतलेली. हे कार्यालय काढणारे प्रभुलाल गर्ग म्हणजे हास्यकवी काका हाथरसी, हेही मला गुरुजींनीच सांगितलं.

पण ही मालिका गाणाऱ्यांसाठी आहे. कोणतं बोट कुठे, भाता कुठे भरायचा, याचा त्यात एक शब्द नाही. मग ती पेटीवाल्याने का घ्यावी? गुरुजींचं म्हणणं असं की म्हणूनच घ्यावी. दुसऱ्या भागात दहा थाटांचे दहा राग आहेत, ते सावकाश करायचे. तिसऱ्यात बागेश्री, देस, भीमपलासी, मालकंस असे पंधरा राग. तो भाग वर्षानुवर्षं पुरतो. चौथ्याला त्यांनी मला हात लावू दिला नाही. एका रागाची आधी स्वरमालिका, मग लक्षणगीत, मग छोटा ख्याल, हा क्रम पुस्तकाचाच. त्यात गुरुजींनी स्वतःची एक अट घातली. बंदिश तोंडाने म्हणून झाल्याशिवाय पेटीचं झाकण उघडायचं नाही. गळा कसाही असो. म्हणताना जिथे श्वास घ्यावासा वाटतो तिथे पेन्सिलने खूण करायची आणि वाजवताना भात्याचा दाब तिथे सैल सोडायचा. माझ्या वाजवण्यात वाक्यं पडू लागली ती या खुणांमुळे.

दुसरं साधन होतं कॅसेट. पंडित भीमसेन जोशी गाताहेत आणि पेटीवर अप्पा जळगावकर. अप्पा जालन्याचे, आपल्या मराठवाड्याचे. त्यांना २००० साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि २००९ मध्ये पुण्यात ते गेले. गुरुजी मला भीमसेनजींचं गाणं ऐकवत नसत, त्यामागची पेटी ऐकवत. तान सुटल्यावर अप्पा काय भरतात, त्याहून महत्त्वाचं म्हणजे काय भरत नाहीत, हे ते कॅसेट मागे-पुढे करून दाखवत. पेटीवर मींड नाही. याच उणिवेवर बोट ठेवून १९४० साली रेडिओने पेटी बंद केली आणि १९७१ पर्यंत ती बंदी चालली. मींड नसताना मिंडेचा भास कसा होतो? शेजारच्या पट्टीचा निसटता कण लावून आणि भात्याचा दाब बदलून. हे कुठल्याही स्वरलिपीत दिसत नाही. ऐकूनच घ्यावं लागतं.

तिसरं साधन काकूंचं, म्हणजे गुरुजींच्या पत्नीचं गाणं. काकू सांजवेळी गौळणी म्हणत. त्यांचा षड्ज रोज वेगळा. कधी काळी एक, कधी पांढरी तीन, कधी दोहोंच्या मधेच. गुरुजी मला त्यांच्या मागे पेटी धरायला बसवत. काकू कधी थांबल्या नाहीत, सूर विचारून घेतला नाही, मी चुकलो तरी गात राहिल्या. कोणत्याही पट्टीत वाजवण्याची भीती तिथे गेली. पुस्तकांच्या यादीत मी काकूंचं नाव पहिलं लिहीन.

मध्यंतरी पुण्याहून पुतणीचा फोन आला. ती पियानोवर ब्लूज शिकते. प्राथमिक पुस्तक संपलं होतं. "काका, आता पुढं कोणतं पुस्तक घेऊ सांगा न." अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या या गाण्याशी माझी ओळख तिच्यामुळेच झाली. चार-चार मात्रांच्या बारा विभागांचं आवर्तन. पहिले चार षड्जाचे, मग दोन मध्यमाचे, दोन पुन्हा षड्जाचे, नंतर पंचम, मध्यम आणि शेवटचे दोन षड्जावर. हे तिच्या पुस्तकात होतं. नव्हतं ते एवढंच, की ब्लूज गाणारा कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधला स्वर लावतो आणि पियानोवर तो स्वरच नाही. वादक मग काळ्या पट्टीवरून पांढरीवर घसरतो, किंवा दोन्ही एकदम दाबतो. पेटीवाल्याला ही तडजोड सांगावी लागत नाही.

मी तिला गुरुजींच्या हिशेबाने सांगितलं. एकच पुस्तक घे, सोबत ध्वनिमुद्रण असलेलं. आणि बेसी स्मिथचं १९२७चं 'बॅकवॉटर ब्लूज' ऐक, महापुराचं गाणं आहे. पियानोवर जेम्स पी. जॉन्सन आहे. गाणारी थांबते तिथे तो काय करतो तेवढंच ऐक, आणि आधी गाणं स्वतः म्हण. याच जॉन्सनच्या 'कॅरोलिना शाउट'ची आपोआप वाजणाऱ्या पियानोसाठी केलेली छिद्रांची गुंडाळी निघाली होती. ती संथ फिरवून, खाली जाणाऱ्या पट्ट्यांवर आपली बोटं ठेवून ड्यूक एलिंग्टन ती रचना शिकला. कॅसेट मागे-पुढे करणारे गुरुजी मला त्याच्या शेजारी बसलेले दिसतात.

गुरुजी गेले, काकूही गेल्या. त्यांच्या घरी एक वही आहे. कळमनुरी, आखाडा बाळापूर, औंढा भागातल्या भजनांच्या चाली गुरुजींनी भातखंडे पद्धतीत उतरवलेल्या, भात्याच्या खुणांसह. त्यांच्या मुलाने ती मला फोटो काढायला दिली आणि तेवढ्याने माझं पुढचं शिकणं पुन्हा सुरू झालं. मराठवाड्यात अशा वह्या अनेक घरांच्या माळ्यांवर असतील. आपल्या घरी कुणी पेटी वाजवणारं होतं का, ते विचारा. वही सापडली तर रद्दीत घालू नका. पानांचे फोटो काढा आणि गावातल्या पेटी शिकणाऱ्या मुलाच्या हातात द्या.