ठेका धरून बसलेला माणूस

ताल मला दोघांनी शिकवला. मिरजेच्या माझ्या गुरुजींनी आणि लंडनच्या चार्ली वॉट्सने. गुरुजींच्या पायावर डोकं ठेवता आलं. चार्लीला एकदाच पाहिलं, तेही स्टेडियमच्या मागच्या स्टँडमधून. २४ ऑगस्ट २०२१ रोजी तो गेला. त्यानंतर दोन वर्षांनी, २० ऑक्टोबर २०२३ ला, तो ज्या बँडचा ड्रमर होता त्या रोलिंग स्टोन्सचा ‘हॅकनी डायमंड्स’ हा अल्बम आला. स्वतःच्या नव्या गाण्यांचा अल्बम त्यांनी त्याआधी काढला होता तो २००५ मध्ये. इतक्या वर्षांनी आलेल्या या अल्बमबद्दल लिहायचं मनात घेतलं, की आधी चार्लीचं देणं आठवतं.

लहानपणी गुरुजी मला ख्यालाच्या साथीला तबल्यावर बसवायचे. विलंबित एकताल, आणि काम एकच, ठेका द्यायचा. शेजारच्या मुलांना कायदे-रेले मिळायचे. मला वाटायचं, ज्याला पुढचं जमत नाही त्याच्याकडून ठेका वाजवून घेतात. गुरुजी म्हणायचे, “गाणाऱ्याला बसायला जागा करून दे, बाकी नंतर बघू.” मी मान हलवायचो. त्यातलं काही कळत नव्हतं.

कॉलेजसाठी पुण्याला आलो आणि ड्रम्सवर बसलो. हॉस्टेलच्या खोल्यांमधून कॅसेटी फिरायच्या. लेड झेपलिनचा जॉन बोनम, डीप पर्पलचा इयान पेस हे आमचे देव होते. स्टोन्सची कॅसेट लागली की मी कंटाळायचो. यात ड्रमर वाजवतोय काय, असं विचारायचो. पुढे एका ऑर्केस्ट्रात काम मिळालं. तिथे मी प्रत्येक ओळीच्या शेवटी रोल भरायचो, जिथे श्वास घ्यायला जागा असायची तिथे माझी झांज असायची. एका कार्यक्रमाच्या मध्यंतरात गायिका माझ्याजवळ आल्या आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, “दादा, मला शब्द म्हणायला थोडी जागा ठेवाल का?” गुरुजींचीच मागणी होती ती. इतक्या वर्षांनी, दुसऱ्याच्या तोंडून.

आमच्या गिटारिस्टने त्या आठवड्यात मला ‘हॉन्की टॉन्क विमेन’ ऐकायला लावलं. हे १९६९चं गाणं. “ड्रम ऐकू नकोस,” तो म्हणाला. “ड्रममुळे बाकीचे कसे वाजवतायत ते ऐक.” असं ऐकायचं असतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. किंवा गुरुजींनी सांगितलं होतं आणि माझ्यापर्यंत पोचलं नव्हतं. ते गाणं जिथे सुरू होतं त्यापेक्षा संपताना लय जरा चढलेली असते. ती कोणी ओढून चढवलेली नाही. पाचही जण एकमेकांकडे कान देऊन वाजवतायत, म्हणून ती आपोआप चढली आहे. आमच्या बैठकीतही द्रुताकडे जाताना असंच होतं.

मग मी चार्लीचा हात बघायला लागलो. चार मात्रांमधली दुसरी आणि चौथी मात्रा स्नेअर ड्रमवर पडते. उजव्या हाताने हाय-हॅटच्या झांजांचं टिक-टिक चालू असतं, आणि बहुतेक ड्रमर स्नेअरच्या ठोक्याबरोबर हाय-हॅटवरही मारतात. चार्ली नेमका त्या क्षणी उजवा हात उचलून घेतो. काठी हवेत थांबते, स्नेअर एकटाच वाजतो, आणि हात पुन्हा खाली येतो. त्यामुळे स्नेअरभोवती मोकळी जागा राहते, आणि त्या जागेत गिटार आणि गाणारा दोघंही मावतात. मी ते करून पाहिलं तेव्हा हात ऐकेना. वाजवण्याची सवय लागलेल्या हाताला न वाजवायला शिकवणं फार अवघड आहे. मला त्याला काही वर्षं लागली, आणि अजून चार्लीसारखं येत नाही.

चार्ली मूळचा जाझचा. जाहिरात कंपनीत ग्राफिक डिझायनर होता, १९६३च्या जानेवारीत स्टोन्समध्ये आला आणि शेवटपर्यंत राहिला. लाखोंच्या गर्दीपुढे वाजवूनही त्याचा ड्रमसंच छोटाच राहिला आणि सोलो वाजवण्याची त्याला कधी आवड नव्हती. एप्रिल २००३ मध्ये स्टोन्स मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर आले तेव्हा सगळं मैदान गायक मिक जॅगरच्या मागे धावत होतं. मी मोठ्या पडद्यावर चार्ली कधी दिसतो याची वाट बघत होतो. दिसला तेव्हा तो कीथ रिचर्ड्सकडे बघत होता. इतर बँड ड्रमरच्या मागे चालतात, स्टोन्स मात्र कीथच्या गिटारच्या मागे चालतात आणि चार्ली त्या गिटारला कणभर मागून धरायचा. त्यांच्या गाण्यांना जो झोका आहे तो तिथला आहे. त्या रात्री माझ्या डोळ्यांपुढे गुरुजी होते, तानपुऱ्यापाशी बसलेल्या गायकाच्या चेहऱ्यावर नजर ठेवून ठेका देणारे.

पुढे माझं मनगट दुखायला लागलं. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली, पण माझ्या जागी दुसरा मुलगा बसवायला मन तयार होईना. २०२१च्या ऑगस्टमध्ये बातमी वाचली, की तब्येतीमुळे चार्ली दौऱ्यावर जाणार नाही आणि आपल्या जागी त्याने मित्र स्टीव्ह जॉर्डनला वाजवायची विनंती केली आहे. काही दिवसांतच तो गेला. मी माझ्या शिष्याला बोलावून काठ्या त्याच्या हातात दिल्या. आता तो वाजवतो, मी शिकवतो.

तर ‘हॅकनी डायमंड्स’. बारा गाणी. निर्माता अँड्र्यू वॉट स्टोन्सहून कितीतरी तरुण आहे, आणि आवाज त्याने फार घासूनपुसून, भरगच्च केला आहे. ‘अँग्री’ आणि ‘गेट क्लोज’ ऐकताना मला खिडकी उघडावीशी वाटते. त्यांच्या जुन्या रेकॉर्डमध्ये वाद्यांच्या मधून हवा फिरायची, ती इथे कमी आहे. स्टीव्ह जॉर्डन चांगला, भक्कम वाजवतो. त्याने चार्लीची नक्कल केलेली नाही, याबद्दल मला त्याचा आदर वाटतो. पॉल मॅकार्टनी एका गाण्यात बेस वाजवून जातो. अल्बम आला तेव्हा मिक ८० वर्षांचा होता, हे त्याच्या आवाजात कुठेही कळत नाही.

सातवं गाणं ‘मेस इट अप’ सुरू झालं आणि मी ताठ बसलो. पुढचं ‘लिव्ह बाय द स्वोर्ड’. या दोन गाण्यांवर चार्ली आहे. ती त्याच्या हयातीत, २०१९ मध्ये ध्वनिमुद्रित झाली होती. दुसऱ्यात तर बँड सोडून ज्याला तीसेक वर्षं झाली त्या बिल वायमनला बेससाठी बोलावलं आहे. म्हणजे ती जुनी जोडी पुन्हा एकदा शेजारी. हाय-हॅटची ती उघडमीट मी अंधारातही ओळखीन. गाणी म्हणून ही दोन्ही काही थोर नाहीत. पण तिथे बँड सैल होतो, खांदे उतरवतो. चाली ऐकणाऱ्याला कदाचित ते जाणवणार नाही.

कीथचंही ऋण मला नव्याने जाणवलं. त्याने बीबीसीला सांगितलं होतं, की संधिवातामुळे बोटं पूर्वीसारखी चालत नाहीत आणि वाजवण्याची रीत बदलली आहे. ‘टेल मी स्ट्रेट’ हे छोटं गाणं तो स्वतः गातो. त्यात सूर मोजके आहेत, आणि एकही कमी वाटत नाही. मनगटाबद्दल कुरकुर करायची मी त्यानंतर सोडली. ‘स्वीट साउंड्स ऑफ हेवन’मध्ये स्टीव्ही वंडर आणि लेडी गागा आहेत. गाणं संपतं आणि कोणाला थांबवेना म्हणून पुन्हा उभं राहतं. सगळ्या अल्बममध्ये माझ्या मते सर्वांत मोठं गाणं हेच.

शेवटी ‘रोलिंग स्टोन ब्लूज’. मडी वॉटर्सच्या ज्या रेकॉर्डवरून बँडने नाव घेतलं, ती रचना. १९६१ मध्ये डार्टफर्डच्या स्टेशनवर मिक आणि कीथची गाठ पडली तेव्हा मिकच्या हातात मडी वॉटर्सच्या रेकॉर्ड होत्या. इथे फक्त ते दोघेच आहेत. गिटार, माउथ ऑर्गन आणि आवाज. ड्रम नाहीत. चार्लीची जागा त्यांनी कोणाला दिली नाही, मोकळी ठेवली. मी तरी ते तसंच ऐकतो, आणि प्रत्येक वेळी मांडीवर ठेका धरतो.

या अल्बमला २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट रॉक अल्बमचा ग्रॅमी मिळाला. मला विचाराल तर स्टोन्सच्या पहिल्या पाचांत तो बसत नाही. ज्यांनी त्यांना कधीच ऐकलेलं नाही, त्यांनी इथून सुरुवात करू नये. आधी १९७१चा ‘स्टिकी फिंगर्स’ ऐकावा, चार्लीचा उजवा हात कुठे थांबतो ते कानाने शोधावं, आणि मग या अल्बममधलं सातवं आणि आठवं गाणं लावावं.