बर्फावरची फटफटी

ताईचा फोन आला तेव्हा मला बोझमनला येऊन जेमतेम चार दिवस झाले होते. "त्यानं म्हणे बर्फावर चालणारी फटफटी घेतलीय. तू तिथं आहेस तोवर ती विकायला लाव," एवढे सांगून तिने मग हवापाण्याची चौकशी केली. हवा शून्याखाली अठरा अंश होती. पाणी नळात होते, हेच पुष्कळ.

बोझमन हे अमेरिकेच्या माँटॅना राज्यातले विद्यापीठाचे गाव. माझा भाचा टेक्सस सोडून तिथे नोकरीला आला, त्याला वर्षही झाले नव्हते. डोंगरातला त्याचा हा पहिलाच हिवाळा. जन्म पुण्याचा, बर्फाशी संबंध काय तो उसाच्या रसापुरता. असा माणूस नव्या मुलखात आला की तिथल्या लोकांहून दोन पावले पुढे टाकू पाहतो. भाच्याने जानेवारीत एक जुनी स्नोमोबाइल विकत घेतली आणि मी पोचल्या दिवशीच अंगणात नेऊन, नवी म्हैस दाखवावी तशा कौतुकाने ती मला दाखवली.

या गाडीला चाके नाहीत. पुढे दोन स्की, म्हणजे घसरपट्ट्या. हँडल वळवले की त्या वळतात. मागे रणगाड्याला असतो तसा सलग फिरणारा रबरी पट्टा. गिअर नाही, क्लच नाही. उजव्या अंगठ्याने दाबायची ती गती, डाव्या मुठीने आवळायचा तो ब्रेक. डोंगरात चालवायच्या गाडीचा पट्टा चांगला लांब असतो, दीडशे इंचांच्या पुढे, आणि त्यावर अडीच-तीन इंच उंचीचे रबरी दात असतात. मऊ बर्फात बुडायचे नाही, तरंगायचे, हे त्यामागचे गणित. सपाटीच्या गाडीचा पट्टा आखूड आणि दात बोथट. ती गाडी घेऊन डोंगरात गेलेल्या माणसाच्या हाती दिवसभर फावडेच राहते.

या यंत्राच्या जन्माची हकीकत मला शेजारच्या एका गृहस्थांनी सांगितली. वय सत्तरीच्या पुढे, आणि चाळीस हिवाळे त्यांनी याच डोंगरांत काढलेले. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात वॅलकूर नावाचे गाव आहे. तिथे जोसेफ-आर्मां बोंबार्डिए नावाचा मेकॅनिक राहत असे. १९३४ च्या जानेवारीत त्याच्या दोन वर्षांच्या मुलाला आंत्रपुच्छाचा विकार झाला. रस्ते बर्फाने बंद. इस्पितळ गाठता आले नाही आणि मूल गेले. बर्फावर चालणाऱ्या गाडीचे प्रयोग तो आधीपासून करत होता. त्यानंतर त्याने ध्यासच घेतला. १९३७ साली त्याला दातेरी चाक आणि पट्टा यांच्या रचनेचे पेटंट मिळाले, आणि १९५९ मध्ये एकदोघांनी बसायची हलकी 'स्की-डू' बाजारात आली. आधीच्या मोठ्या गाड्या डॉक्टर, टपाल आणि शाळेची मुले यांच्यासाठी होत्या. मौजेची गाडी मागाहून आली.

ही गोष्ट मी ताईला सांगितली नाही. तिने तिचा भलताच अर्थ घेतला असता.

शनिवारी पहाटे आम्ही वेस्ट यलोस्टोनला निघालो. बोझमनहून नव्वद मैल; वाट गॅलटिन नदीच्या घळीतून जाते. वेस्ट यलोस्टोन हे हजार-बाराशे वस्तीचे गाव यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या पश्चिम दरवाजाशी, समुद्रसपाटीपासून सहा हजार सहाशे फुटांवर वसले आहे. गावच्या रस्त्यांवरून स्नोमोबाइली राजरोस फिरतात. माणसे त्यांवर बसून पेट्रोल भरायला येतात, न्याहारीला येतात. हॉटेलाच्या दारात आपल्याकडे सायकली लावाव्यात तशा त्या ओळीने लावलेल्या. याच दरवाजाजवळच्या चौकीवर ९ फेब्रुवारी १९३३ रोजी उणे ६६ अंश फॅरनहाइट, म्हणजे उणे ५४ सेल्सियस तपमानाची नोंद झाली होती. आम्ही गेलो त्या दिवशी फक्त उणे वीस होते, आणि भाड्याने गाडी देणारी बाई मला "आज छान हवा आहे" असे म्हणाली.

तिने मला पोशाख चढवला तो सोहळा वेगळाच. अंगाला लागून सुती कापड अजिबात चालत नाही; घाम सुती कपड्यात मुरतो आणि थांबल्याबरोबर गारठतो. माझा आयुष्यभराचा सोबती गंजिफ्रॉक तिथेच उतरला. मग लोकरीचा थर, त्यावर दुसरा, त्यावर वारा अडवणारा जाड पोशाख, तोंडाला माकडटोपीसारखे काहीतरी आणि वर शिरस्त्राण. त्याची काच श्वासाने धुरकट होऊ नये म्हणून ती विजेवर गरम होते. हँडलच्या मुठीही गरम होतात. इतके सगळे असून पहिल्या तासात थंडी वाजली ती एकाच जागी, उजव्या अंगठ्याला.

उद्यानात आपल्या मनाने गाडी घालता येत नाही. खाजगी स्नोमोबाइली तिथे पहिल्यांदा १९६३ साली आल्या आणि पुढे इतक्या वाढल्या की धूर आणि आवाज यांवरून वर्षानुवर्षे कज्जे चालले. आता कमी धुराच्या, कमी आवाजाच्या गाड्याच आत सोडतात, सोबत वाटाड्या लागतो आणि वेग ताशी पस्तीस मैलांच्या वर न्यायचा नाही. मला तोही पुष्कळ वाटला. तीस मैलांवर ओल्ड फेथफुलचा उष्ण फवारा. तिथवर जाऊन परत यायचे. रस्ता रात्री यंत्राने दाबून सारखा केलेला असतो. सकाळी तो इस्त्री केल्यासारखा असतो आणि दुपारपर्यंत गाड्यांच्या येण्याजाण्याने त्यावर उंचवटे उठतात, म्हणून नवख्याने लवकर निघावे. उजवी बाजू सोडायची नाही. समोरून तांडा आला की प्रत्येकजण बोटे उभारून मागे किती गाड्या आहेत ते दाखवतो; शेवटचा मूठ दाखवतो. मी शेवटचा होतो. दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्याला मूठ दाखवत हिंडलो.

मॅडिसन नदीच्या काठी वाटाड्याने हात वर करून सर्वांना थांबवले. समोरून गवे येत होते. चौदापंधरा असतील, दाबलेल्या रस्त्यावरून रांगेने. खोल बर्फ तुडवण्यापेक्षा ही वाट त्यांनाही सोयीची. नियम पंचवीस यार्ड दूर राहण्याचा. पण आम्ही नियम पाळला तरी तो गव्यांनी कुठे वाचलेला असतो? आम्ही कडेला गाड्या बंद करून निमूट बसलो. पाठीवर बर्फ, दाढीला हिमाचे मणी, नाकातून वाफ. त्यांतला एक माझ्याकडे न बघता माझ्या अगदी जवळून गेला. मुंबईच्या लोकलमध्ये गर्दीतून वाट काढणारे वयस्क गृहस्थ असेच जातात.

ओल्ड फेथफुलविषयी लिहिणाऱ्यांची वाण नाही. आम्ही पाहिले तेव्हा पाणी उडाले आणि वाफेने सगळे आभाळ झाकून टाकले, एवढे पुरे.

परतताना भाचा गप्प होता. त्याला यात काही राम वाटला नव्हता. "मामा, ही काय, सारसबागेतली आगगाडी झाली. खरी मजा उद्या."

उद्याची मजा उद्यानाबाहेरच्या जंगलात होती. तिथे वाटाड्याची सक्ती नाही, वेगाचा काच नाही. शेजारचे गृहस्थही आपली गाडी घेऊन आले होते. तळावर त्यांनी माझ्या छातीवर पट्ट्याने एक डबी बांधली. बर्फाखाली गाडला गेलेला माणूस शोधण्याचे ते यंत्र. ते सतत संदेश सोडते आणि दुसऱ्याच्या यंत्राला तो ऐकू येतो. प्रत्येकाच्या पाठीवर फावडे आणि घडीची लांब सळई. "मी तर सरळ वाटेनेच येणार," मी म्हणालो. "पण आम्ही अडकलो तर शोधणार कोण? तुम्हीच," ते म्हणाले.

टू टॉपच्या डोंगरावर वाट चढत गेली तसतशी झाडे झाडांसारखी दिसेनात. वारा आणि धुके यांनी त्यांवर बर्फाचे इतके लेप चढवलेले की वाकलेली, हात पसरलेली पांढरी माणसे उभी आहेत असे वाटावे. तिथले लोक त्यांना बर्फाची भुते म्हणतात. इथून आयडाहो राज्याची हद्द सुरू होते आणि पलीकडे मोकळे उतार लागतात. अशाच एका उताराखाली आम्ही थांबलो. दोन तरुण त्यावर गाड्या घालत होते. शक्य तितके वर जायचे, गाडी दमायच्या आत वळवायची आणि खाली यायचे. कोणाची खूण सर्वांत उंच, ही शर्यत. भाच्याचे डोळे चकाकले.

म्हातारेबुवांनी त्याला थांब म्हटले नाही. गाडीवरून उतरून ते बाजूच्या एका लहान उतारावर फावड्याने खड्डा खणू लागले. खड्डा छातीएवढा झाल्यावर त्यांनी मला हातमोजा काढून तळचा बर्फ मुठीत घ्यायला सांगितले. वरचा बर्फ पिठीसाखरेसारखा होता. तळचा जाड साखरेसारखा, कण कण सुटा. मूठ वळली तरी वळेना. नोव्हेंबरात बर्फ पातळ पडतो. खाली जमीन उबदार, वर हवा कडाक्याची थंड. मधून वाफ वर चढते आणि बर्फाचे असे सुटे स्फटिक बनतात. पुढे जानेवारीत त्यावर तीनचार फूट नवा बर्फ बसतो. "पत्त्यांच्या बंगल्यावर कपाट ठेवल्यासारखं," ते म्हणाले. बोझमनच्या हिमस्खलन केंद्राचे पत्रक रोज सकाळी निघते. त्यात धोक्याच्या पाच पायऱ्या असतात. त्या दिवशी तिसरी होती. पुष्कळ माणसे मरतात ती याच पायरीवर, कारण पाचवीवर कोणी घराबाहेर पडत नाही.

"पण ते दोघं तर चढताहेत! आठ खुणा दिसतायत उतारावर," भाचा म्हणाला.

"नववी कोणाची, ते उतार ठरवतो," म्हातारेबुवा म्हणाले. "बर्फात सापडतो त्याने बहुतेक वेळा स्वतःच तो सोडवलेला असतो."

भाचा काही बोलला नाही. त्याने गाडी सुरू केली आणि उताराच्या पायथ्याकडच्या सपाटीवर दहावीस हात गेला असेल नसेल, तोच पायाखाली आवाज झाला. मोठा नव्हे, धान्याचे पोते माळ्यावरून खाली टाकावे तसा 'धप्प'. सगळी सपाटी बोटभर खाली बसली आणि त्याच्या स्कीपासून एक चीर बर्फातून पळत गेली. मी तो आवाज कानांनी ऐकला की पोटात, कोण जाणे. भाच्याने गाडी बंद केली. उतरलाच नाही, जागच्या जागी बसून राहिला.

वर काही कोसळले नाही. ते दोघे तरुण आणखी दोनदा चढले, हसत खाली आले आणि आम्हाला हात करून निघून गेले. ही गोष्ट भाच्याला फार लागली. घाबरलो तेही फुकट, असे त्याच्या चेहऱ्यावर होते. परत येताना त्याने मऊ बर्फात गाडी रुतवली आणि रागाने अंगठा दाबून धरला. पट्ट्याने आपला खड्डा आपणच खणला. सव्वादोनशे किलोचे धूड बाहेर काढायला तिघांना अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासात त्याचा राग मात्र जिरला.

रात्री ताईचा फोन. "विकली का?"

"नाही," मी म्हणालो आणि तिला लाडवाच्या भाषेत सांगितले: तळाला जाड साखर, वर पिठी, लाडू कसा वळणार? मार्चमध्ये दिवस वाढतात, ऊन तापते, तळचा बर्फही बहुधा हळूहळू धरतो. पण तेव्हा दुपारी वरचा थर भिजून निसटतो, म्हणून डोंगरातून लवकर उतरायचे. ताई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "हे सगळं त्याला कळलंय, की तुलाच कळलंय?"

याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कामावरून येताच भाच्याने एक डबी पिशवीत घातली आणि मला आत थांबायला सांगून ती अंगणातल्या बर्फात पुरून आला. दुसरी माझ्या हातात दिली, घड्याळ काढले. गाडलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर निघाला तर बहुधा वाचतो, अर्ध्या तासानंतर थोडेच वाचतात. मी त्या टीचभर अंगणात बाण दाखवील तिकडे धावलो, सळई खुपसली, चुकीच्या जागी खणले, पुन्हा खुपसली. पिशवी हाती लागली तेव्हा माझा श्वास फुलला होता.

"अकरा मिनिटं, मामा," तो म्हणाला. "आणि एवढं खणायला. मी चार फूट खाली असेन."

"पुन्हा पूर," मी म्हणालो.

दुसऱ्या खेपेला सात लागली. मग त्याने शोधली आणि मी पुरली. अंधार पडला तरी आमचे चालूच होते.