घेवड्याचा वेल

गेल्या शनिवारी पहाटेच्या एसटीनं सांगलीला उतरलो, तिथून वाडीची गाडी पकडली आणि साडेआठला घरी. "अचानक?" आई म्हणाली. अचानक वगैरे काही नव्हतं. शुक्रवारी दुपारी जुन्या बॉसचा फोन आला होता. "परत येतोस का? मॅनेजर म्हणून घेतो. सोमवारपर्यंत सांग." मी म्हटलं विचार करून सांगतो. आता विचार करायला पुण्यात जागा कुठाय? पार्किंग मिळत नाही तिथं!

वाडी म्हणजे नृसिंहवाडी, ता. शिरोळ, जि. कोल्हापूर. फॉर्मवर नृसिंहवाडी, बोलताना नरसोबाची वाडी आणि आमच्या भागात नुसतं 'वाडी'. कृष्णा-पंचगंगेचा संगम, दत्ताच्या पादुका, औदुंबर, आणि मग पेढे, बासुंदी, कवठाची बर्फी. त्या 'आणि मग'मध्ये आमचं एक छोटंसं दुकान आहे.

२०१९ मध्ये सांगलीच्या वालचंदमधून इंजिनिअर झालो आणि लगेच कन्सल्टिंगला लागलो. कन्सल्टिंग म्हणजे काय हे अण्णांना मी पाच वर्षांत धड सांगू शकलो नाही. एकदा म्हणालो, "लोकांच्या कंपनीत जाऊन त्यांचं काय चुकतंय ते सांगायचं."

"आणि दुरुस्त कोण करतं?"

"ते त्यांचं ते करतात."

"मग बरं आहे की!" अण्णा म्हणाले आणि पेढे मोजायला लागले.

बरं होतंच, खोटं का बोला. सोमवारी पहाटेचं विमान, हॉटेल, बारा आठवड्यांचा प्रोजेक्ट, शेवटी साठ-सत्तर स्लाइड्सचा डेक. पंचविसाव्या वर्षी समोर पन्नाशीचा जनरल मॅनेजर बसतो आणि तुमचं म्हणणं लिहून घेतो, याची नशा काही औरच. दर शुक्रवारी टाइमशीट भरायचं, अर्ध्या-अर्ध्या तासाचा हिशेब, कुठल्या क्लायंटच्या नावावर किती. वर चढा नाहीतर बाहेर पडा, हा तिथला अलिखित नियम. चढत होतो. पण पुढं पुढं रविवारी रात्री बॅग भरताना पोटात गोळा यायला लागला. शिवाय लग्न ठरत होतं. गेल्या वर्षी सोडलं आणि चाकणजवळ गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीच्या आयटी विभागात रुजू झालो. पगार थोडा कमी. पण रोज रात्री घरी.

मंडळी, पहिला महिना भयंकर गेला. टाइमशीटच नाही! शुक्रवारी संध्याकाळी हात नुसते शिवशिवायचे. दिवसभर काय केलं याचा पुरावाच नाही म्हटल्यावर काही केलंच नाही असं वाटायचं. साडेबाराला सगळे उठून कँटीनला जाणार. एका सर्व्हरच्या मंजुरीला नऊ सह्या. मी सवयीप्रमाणे महिन्याभरात चाळीस स्लाइड्स करून टाकल्या, विषय 'डिस्पॅच सिस्टिममधल्या त्रुटी'. आमच्या टीममध्ये सतरा वर्षं झालेले एक सीनियर आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात. काकांनी चष्मा लावून चाळीसच्या चाळीस स्लाइड्स बघितल्या. म्हणाले, "छान आहे. कधी सुरू करतोयस?"

"मी?"

"मग कोण? तूच की."

सुरू केलं. डेकमधल्या अकराव्या स्लाइडवर एक जुना बॅच जॉब होता. रोज रात्री चालायचा, कोणी लिहिला कोणाला माहीत नाही, आणि तेच काम दुसरा एक नवा जॉब करत होता. डुप्लिकेट. नऊ सह्या घेऊन बंद केला. सिस्टिम वीस मिनिटांनी हलकी झाली, मी मनातल्या मनात कॉलर ताठ केली. तीन आठवड्यांनी महिना संपला. रात्री बारा वाजून गेल्यावर एकही इनव्हॉइस तयार होईना. त्या जुन्या जॉबमध्ये एक ओळ होती, नव्या महिन्याची नंबरांची मालिका उघडणारी. महिन्यातून एकदाच उपयोगाला येणारी. इनव्हॉइस नाही म्हणून ई-वे बिल नाही, आणि २०१८ पासून ई-वे बिलाशिवाय पन्नास हजारांवरचा माल परराज्यात हलवता येत नाही. गेटवर अकरा ट्रक उभे!

काकांनी रात्री दीडला मला घरून उचललं. जॉब परत सुरू करायला मला पावणेचार वाजले. मधे एकदा मालिका उघडायची मंजुरी येईपर्यंत गेटवर जाऊन उभा राहिलो. एक ड्रायव्हर, माझ्या वडिलांच्या वयाचा, म्हणाला, "साहेब, किती वेळ लागंल? होसूरला उद्या रात्री पोचायचं होतं." मला उत्तर देता आलं नाही. कोणी ओरडलं नाही, हेच जास्त लागलं. आणि त्या पहाटे एकच विचार डोक्यात फिरत राहिला : कन्सल्टिंगमध्ये असतो तर ती ट्रकची रांग मला कधी दिसलीच नसती. तीन आठवड्यांत मी दुसऱ्या शहरात, दुसऱ्या डेकवर असतो. पाच वर्षांत मी असे किती जॉब बंद करायला सांगून निघून गेलो असेन?

वर्षअखेरीला शेरा मिळाला 'मीट्स एक्स्पेक्टेशन्स'. मराठीत : ठीक. आयुष्यात पहिल्यांदाच 'ठीक'. आणि त्याच आठवड्यात जुन्या बॉसचा फोन.

असो. तर शनिवारी संध्याकाळी घाटावर बसलो होतो, आजी बरोबर. पैलतीरावर औरवाड दिसतं. गुरुचरित्रातलं अमरापूर ते हेच, असं आमच्याकडं मानतात. अठराव्या अध्यायातली गोष्ट लहानपणी शंभरदा ऐकलेली : गरीब ब्राह्मण, दारात घेवड्याचा वेल, ज्या दिवशी भिक्षा मिळाली नाही त्या दिवशी त्याच्या शेंगांवर गुजराण. नृसिंह सरस्वती भिक्षेला आले, घेवड्याची भाजी जेवले आणि जाताना वेलच तोडून गेले. बायको रडायला लागली. मग मूळ खणताना द्रव्यानं भरलेला कुंभ निघाला.

मी आजीला म्हटलं, "आजी, हे बघ, जगातले पहिले कन्सल्टंट. आले, जेवले, घरात होतं नव्हतं ते उपटलं आणि गेले."

आजीला कन्सल्टंट म्हणजे काय ते ठाऊक नाही, पण 'गेले' बरोबर ठाऊक. "गेले कुठं? इथंच होते की संगमावर. हंडा सापडल्यावर दोघं धावत आले ते इथंच. बारा वर्षं होते वाडीत, मग गाणगापूरला."

"आणि हंडा निघाला नसता तर?"

"तर ती बाई नदी ओलांडून आली असती भांडायला," आजी म्हणाली. "सापडले असते की तिला."

मी गप्पच बसलो.

रात्री दुकान आवरताना अण्णांना फोनचं सांगितलं. ते काही बोलले नाहीत. भिंतीवर २०१९ च्या पुराची रेघ आहे, तिच्यावर त्यांनी रंग मारू दिलेला नाही. वाडीला पूर नवा नाही. देवळात पाणी उत्तरेच्या दारानं शिरून पादुकांवरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं, त्या दक्षिणद्वाराच्या स्नानाला लांबलांबून लोक येतात. पण त्या ऑगस्टमध्ये कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली (धोक्याची पातळी ४३!) आणि इकडं अख्खं गाव हलवावं लागलं. मी नोकरीला लागून महिना झाला होता, ट्रेनिंग सोडून येता आलं नाही. आलो नाही, असंच म्हणू. पाणी उतरल्यावर बाहेरून मदतीला पुष्कळ माणसं आली, पण दुकानातला गाळ अण्णा आणि आईनं दोघांनी काढला, कढया घासल्या. मी तीन आठवड्यांनी आलो तेव्हा पेढ्याचा पहिला घाणा निघाला होता आणि मी त्याचा फोटो काढला.

"तिकडं पैसे किती जास्त?" अण्णांनी शटर ओढता ओढता विचारलं. सांगितले. "बरेच आहेत," म्हणाले. बस्स, एवढंच.

रविवारी दुपारी बॉसना फोन करून नाही म्हणालो. कारण विचारलं. आता घेवड्याचं कुठं सांगत बसणार? "घरची अडचण आहे," म्हटलं. दोन वर्षांनी कदाचित पस्तावेनही, माझ्या बॅचचे दोघं तोवर पार्टनरच्या रांगेत असतील.

निघताना आईनं काकांसाठी अर्धा किलो कवठाची बर्फी बांधून दिली. येत्या ३१ ला रात्री आम्ही दोघं बारापर्यंत ऑफिसात थांबणार आहोत. ती नंबरांची ओळ मी नव्या जॉबमध्ये टाकलीये आणि जुना परत बंद केलाय. चालते का बघायचंय.