लिलावातलं स्वस्त घर आणि मनाची टोचणी

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, बारीक अक्षरांत, बँकेची ई-लिलावाची जाहीर सूचना छापलेली असते. कर्जदाराचं पूर्ण नाव, जामीनदाराचं नाव, थकबाकी आणि त्यावरचं पुढील व्याज, मिळकतीच्या चतुःसीमा, ताबा सांकेतिक की प्रत्यक्ष, राखीव किंमत, अनामत रक्कम आणि शेवटी 'जसे आहे, जेथे आहे' ही अट. बोली मात्र संकेतस्थळावर लागते. तिथे नजर खिळते ती चढत्या आकड्यावर आणि उरलेल्या मिनिटांवर. चतुःसीमेच्या आत राहणारं माणूस दृष्टीआड होतं. कोकणात वीर स्टेशनाच्या परिसरात, महाडात किंवा पोलादपुरात चार भिंतींसाठी पैपै जमवणाऱ्याला असं घर बाजारभावापेक्षा बऱ्याच कमी किमतीत मिळालं, तर त्याला आनंद होणारच. पण त्या आनंदाच्या पाठोपाठ टोचणीही येते. कुणाचा तरी संसार मोडला म्हणून आपला उभा राहतोय का? घरातली वडीलधारी माणसं तर स्पष्टच सांगतात, तळतळाटाचं घर लाभत नाही. ही टोचणी खरी आहे आणि ती ऐकलीच पाहिजे, असं मी मानतो. मात्र ती बहुतेकदा जो सल्ला देते, 'या भानगडीत पडूच नको', तो चुकीचा आहे.

टोचणी खरी का, हे पैशांच्या हिशेबातच दिसतं. कोकण रेल्वेही आपलं भंगार ई-लिलावाने विकते. जुने रूळ कुणाला स्वस्त पडले म्हणून कुणाच्या घरची चूल विझत नाही. तारण मिळकतीचं तसं नाही. २००२ च्या सरफेसी कायद्यानुसार विक्रीच्या रकमेतून बँकेचं येणं आणि वसुलीचा खर्च वळता होतो, आणि वर काही उरलं तर ते कर्जदाराला किंवा ज्याचा हक्क असेल त्याला परत मिळतं. रक्कम कमी पडली तर उरलेलं येणं कर्जदाराच्या डोक्यावर राहतं आणि बँक त्यासाठी कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाऊ शकते. समजा, घराची खरी किंमत पंचवीस लाख आहे आणि कर्ज अठरा लाखांचं. घर चोवीस लाखांना गेलं तर घर गेलेल्या कुटुंबाच्या हाती, खर्च वजा जाता, नव्या सुरुवातीपुरते पैसे पडतात. तेच सोळा लाखांना गेलं तर घरही जातं आणि दोन लाखांचं देणंही उरतं. म्हणजे घेणाऱ्याला पडलेला स्वस्ताईचा प्रत्येक रुपया बँकेच्या तिजोरीतून येण्याआधी त्या कुटुंबाच्या पदरातून येतो. मन टोचतं ते उगाच नाही.

पण म्हणून चांगल्या मनाच्या माणसाने मागे सरायचं ठरवलं, तर काय होतं? लिलाव थांबत नाही. बोली लावणारा एक कमी होतो, इतकंच. बोलीदारच आला नाही तर विक्री रखडते, व्याज चढत राहतं, आणि पुढच्या फेरीत राखीव किंमत बहुधा खाली येते. तोवर मैदानात उरतात ते असल्या घरांचाच धंदा करणारे, एकमेकांना ओळखणारे, 'या वेळी तू, पुढच्या वेळी मी' असं आधीच ठरवून बसणारे. कर्जदाराला तारणारी एकच गोष्ट या टप्प्यावर शिल्लक असते, आणि ती म्हणजे चुरस. ज्याला खरोखर राहायला घर हवंय, तो नफ्यासाठी घेणाऱ्यापेक्षा दोन पावलं पुढे जाऊ शकतो. नेमका तोच भिडस्तपणाने घरी बसला, तर त्याचं मन स्वच्छ राहील, पण भुर्दंड कर्जदाराला पडेल.

आपल्याच इतिहासात याचा कडू दाखला आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकरी सावकारांवर उठले आणि दंगा आसपासच्या गावांत पसरला. त्यांनी कर्जरोखे आणि हुकूमनामे शोधून जाळले. त्या संतापामागे कोर्टाच्या लिलावांचाही वाटा होता. शेतकरी हजर नसताना हुकूमनामा होई, जमीन लिलावात निघे, आणि बोली लावायला पुढे येई तो बहुधा फिर्यादी सावकारच किंवा त्याचा माणूस. दुसरा बोलीदार नसल्यामुळे जमीन कवडीमोलाने जाई. पुढे १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर एवढ्या चार जिल्ह्यांपुरत्या असलेल्या त्या कायद्याने, खास गहाण न टाकलेली शेतकऱ्याची जमीन हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी विकायला बंदी घातली. लिलाव हा प्रकार त्या शेतकऱ्याला मारक होताच, पण बोलीदार एकटा असल्यामुळे तो अधिक मारक झाला होता.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. गावाने बोलीच लावायची नाही असं ठरवलं, तर लिलाव पडतो आणि शेजाऱ्याची जमीन वाचते. नाशिक जिल्हा बँकेने थकबाकीसाठी जमिनींचे लिलाव काढले, तेव्हाही शेतकरी विरोधात उभे राहिले होते. असा बहिष्कार मला मान्य आहे, कारण ती एकजूट असते. सगळे मिळून थांबतात आणि तडजोडीसाठी वसुली करणाऱ्यावर दबाव आणतात. चावडीवरच्या लिलावात बोली लावणाऱ्याला कर्जदाराच्या डोळ्यांत पाहावं लागे, दुसऱ्या दिवशी त्याच पाणवठ्यावर जावं लागे. ती लाज हेच गावाचं हत्यार होतं. ऑनलाइन लिलावात ते हत्यार बोथट होतं. वीरच्या घरावर पुण्यातून, सुरतेतून, कुठूनही बोली लागते. तिथे एकट्याने घेतलेली माघार हा बहिष्कार ठरत नाही. ती कुणाला दिसतही नाही.

दुसरे म्हणतील, मिळकतीचं मूल्यांकन झालेलं असतं, तीस दिवसांची नोटीस दिलेली असते, कर्ज बुडवलं त्याने, मग माझा काय दोष? कायद्याने दोष नाहीच. पण थकबाकीदार म्हणजे लबाड, हे समीकरण आपल्या भागात तरी कुणी मांडू नये. २२ जुलै २०२१ ला सावित्री नदीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली. आदल्या महिन्यापर्यंत हप्ता न चुकवणाऱ्या दुकानदाराचाही माल एका रात्रीत चिखल होऊ शकतो, हे आपण डोळ्यांनी पाहिलंय. नियम पाळले म्हणजे अन्याय टळला, एवढंच सिद्ध होतं. समोरच्याचं दुःख त्यामुळे कमी होत नाही.

तिसरं म्हणणं जोखमीचं. लिलावातल्या घराला सोसायटीची थकबाकी असू शकते, आत कुणी राहत असू शकतं, दावा चालू असू शकतो. शिवाय बोली जिंकताच पंचवीस टक्के आणि विक्री कायम झाल्यावर पंधरा दिवसांत बाकीची रक्कम उभी करावी लागते. हे खरं आहे. जोखमीपोटी कमी झालेली किंमत हा त्या जोखमीचा मोबदलाच आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण संगनमत करून, इतरांना खोट्या अफवांनी पळवून लावून किंवा घरातल्यांना धमकावून पाडलेली किंमत या हिशेबात बसत नाही. स्वस्त मिळणं आणि स्वस्त पाडणं यांतली रेघ इथे आहे. पहिल्याबद्दल अपराधी वाटायचं कारण नाही. दुसरं कायद्याच्या हाती सापडलं नाही तरी पाप आहे.

मग टोचणीचं करायचं काय? तिला कामाला लावायचं. आपल्याला परवडेल आणि घराला शोभेल त्या किमतीपर्यंत सरळ बोली लावावी. चढत्या बोलीत कुणी मुद्दाम स्वतःच्याच बोलीवर बोली चढवावी, असं मी म्हणत नाही. पण घर मिळाल्यावर आपली जबाबदारी संपली असंही समजू नये. राहत्या कुटुंबाला सामान हलवायला वाजवी मुदत द्यावी, जमल्यास टेम्पोचं भाडं द्यावं. मागे राहिलेले देव्हाऱ्यातले टाक, मुलांचे शाळेचे दाखले, भिंतीवरचा आजोबांचा फोटो सन्मानाने पोचता करावा. कर्ज फिटून उरलेली रक्कम परत मिळण्याचा हक्क त्यांना माहीत नसेल तर तो सांगावा. तळतळाट लागतो की नाही, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग. पण ज्याचं घर गेलं त्याच्याशी आपण कसे वागलो, हे सर्वस्वी आपल्या हातात आहे. प्रामाणिक माणसांनी लिलावाकडे पाठ फिरवली तर तो अप्रामाणिकांच्याच ताब्यात जाईल, म्हणून ज्यांचं मन टोचतं त्यांनीच तिथे बोली लावायला हवी.