जवारी

'दुरून डोंगर साजरे' ही म्हण आम्ही विवाहपूर्व मार्गदर्शन शिबिरांत तरुण मंडळींना अनेकदा ऐकवली आहे. ती स्वतःला लावून पाहण्याची वेळ मात्र आमच्यावर एका तंबोऱ्याने आणली.

आमच्या धर्मग्रामाच्या गायकवृंदात बहुतांश भगिनीच आहेत. भक्तिगीतांना स्वराची साथ म्हणून त्या मोबाईलमधील यांत्रिक तंबोरा लावीत. तो कधी चुकत नसे, हे खरे. पण त्याचा नाद सदैव एकसारखा, निर्जीव. पुढे एका सहृदय कुटुंबाने खऱ्या तंबोऱ्यासाठी देणगी दिली. तंबोरा म्हटले की मिरज, एवढे आम्हांला सेमिनरीच्या दिवसांपासून ठाऊक होते. आम्ही एका कारागिरांना दूरध्वनी केला. "गाणार कोण?" त्यांनी विचारले. "गायकवृंद," आम्ही उत्तरलो आणि पुढे अधिकारवाणीने सांगितले, "चांगला मोठा आणि देखणा पाठवा."

तंबोरा आला. मोठा होता, देखणाही होता. पण भगिनींच्या काळी चारच्या स्वराला तो चढवू लागताच एक तार तुटली, मग दुसरी. स्वर उतरवावा, तर भगिनींचा आवाज खर्जात बुडे. आम्ही मनोमन कारागिरांना दोष देऊन मोकळे झालो. एवढेच नव्हे, तर त्यांना जाब विचारण्याच्या तयारीनेच गायकवृंदाच्या प्रमुख बाईंना सोबत घेऊन, तंबोरा गोधडीत गुंडाळून, महालक्ष्मी एक्स्प्रेसने मिरज गाठले.

दुकान लहानसे. छताला वाळके भोपळे टांगलेले, भिंतीशी तूनच्या लाकडाचे दांडे उभे. लाखेचा आणि भुश्श्याचा संमिश्र वास. वृद्ध कारागिरांनी आमची तक्रार शांतपणे ऐकून घेतली आणि बाईंकडे वळून ते म्हणाले, "ताई, जरा सा लावा बघू."

बाई संकोचल्या. शेवटी त्यांनी षड्ज लावला. चाचांनी डोळे मिटून घेतले आणि मग हसून आम्हांला म्हणाले, "फादर, फोनवर आवाज तुमचा आला. मी धरलं, गाणार पुरुषमाणसं. हा तंबोरा पुरुषी गळ्याचा आहे. बायकांचा लहान असतो."

जाब विचारायला गेलेले आम्ही निरुत्तर झालो. त्यांनी विचारलेल्या एकमेव प्रश्नाचे धड उत्तर आम्हीच दिले नव्हते.

त्यांनी तो तंबोरा परत घेतला आणि तीन लहान तंबोरे समोर ठेवले. बाईंनी एकेक मांडीवर घेतला, छेडला, भोपळ्याला कान लावला. निवड झाल्यावर खरे काम सुरू झाले. तारा ज्या घोडीवरून जातात, तिचा माथा कानसेने किंचित घासायचा, तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा बारीक धागा सरकवायचा, छेडायचे, ऐकायचे, पुन्हा घासायचे. यालाच जवारी लावणे म्हणतात. धागा केसभर सरकला की नाद मिटतो. अचूक जागी बसला की एका तारेतून अनेक स्वर उमलतात. मधूनमधून चाचा म्हणत, "ताई, गा." बाई गात, ते घासत. सुमारे दीड तास असा गेला. हळूहळू बाईंचा संकोच सरला, आणि एका क्षणी कंठ आणि तारा यांतले अंतरच नाहीसे झाले. चाचांनी कानस खाली ठेवली.

त्या दीड तासात आम्ही बरेच शिकलो. भोपळे पंढरपूरच्या बाजूने येतात. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी शस्त्रांची मागणी ओसरल्यावर एकोणिसाव्या शतकात वाद्यनिर्मितीकडे मोहरा वळवला, त्यांत फरीदसाहेबांचे नाव अग्रभागी घेतले जाते. मिरजेत राहिलेले उस्ताद अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये निवर्तले, ते तेथल्याच दर्ग्याच्या आवारात विसावले आहेत. गवयी गावात आणि कारागीर हाकेच्या अंतरावर, अशा सान्निध्यातच या विद्येचा कान तयार झाला असला पाहिजे.

चाचा दूरध्वनीचे वैरी नव्हेत. दूरदूरची मागणी त्यावरूनच येते, असे ते मोकळेपणाने सांगतात. पण वाटेत भोपळा फुटला किंवा वाद्य गळ्याला जुळले नाही, की भुर्दंड त्यांना बसतो. मुलगा दुसरीकडे नोकरी करतो. "गिऱ्हाईक समोर बसून गायलं तर पोराला कान मिळतो. नुसता पत्ता लिहून पार्सल बांधायचं, तर तो शिकणार काय?" या प्रश्नापुढे आम्ही पुन्हा निरुत्तर झालो. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन लाभले, याचा आम्हांला आनंद आहे. त्याने नावाचे रक्षण होईल. कान मात्र कानाजवळ बसूनच घडतो.

परतीच्या गाडीत आम्ही अंतर्मुख झालो. कलेवर पोट असलेल्या माणसाकडे आपण वस्तू मागतो आणि किंमत देतो. पण त्याच्या निर्मितीत आपल्या उपस्थितीचाही एक धागा असतो, तो द्यायला विसरतो. ज्यांच्या उपासनेत पाणी, तेल, भाकर यांना प्रत्यक्ष स्पर्श करावा लागतो, त्या आमच्यासारख्यांनी तरी हे विसरू नये.

आता रविवारी तो तंबोरा बोलतो आणि मुले गाणे संपल्यावर त्याच्याभोवती गोळा होतात. वाजवून वाजवून तारांचे व्रण घोडीवर उमटतात, जवारी झिजते. ती पुन्हा लावून घ्यावी लागते. चाचांनी हे निघतानाच बजावले होते. तेव्हा मिरजेची वारी पुन्हा घडणार आहे, आणि या खेपेस त्या मुलांपैकी दोघांना आम्ही बरोबर नेणार आहोत.