लाल काजाचा कोट : प्रतिकृती आणि पुरावा

१/ शेरलॉक होम्स म्हटले की दोन कोट आठवतात. एक, खांद्यावर झूल असलेला जुना प्रवासी कोट. दुसरा, २०१० साली सुरू झालेल्या बीबीसीच्या 'शेरलॉक' मालिकेत बेनेडिक्ट कंबरबॅचने घातलेला गडद, लांब, लोकरी कोट. हा दुसरा कोट अनेक हौशी कारागिरांनी घरी शिवून पाहिला आहे. त्या खटाटोपात इतिहासाच्या अभ्यासकाला शिकण्यासारखे बरेच आहे.

२/ मुळात हा कोट पात्रासाठी मुद्दाम बेतलेला नव्हता. वेशभूषाकार सारा आर्थर यांनी बेलस्टाफ या ब्रिटिश कंपनीचा 'मिलफर्ड' हा तयार कोट निवडला. त्याच्या लॅपलवरचे, म्हणजे छातीवर उलटलेल्या पट्टीवरचे, काज लाल दोऱ्याने भरून घेतले. तेवढ्या एका खुणेने बाजारातला कोट होम्सचा झाला.

३/ मग 'खरा' होम्स काय घालत असे? आर्थर कॉनन डॉयलच्या 'ब्लू कार्बंकल' या कथेत होम्स आणि वॉटसन थंडीच्या रात्री 'अल्स्टर' चढवून बाहेर पडतात. आयर्लंडच्या उत्तरेकडील प्रांताचे नाव मिळालेला हा जाड लोकरीचा ओव्हरकोट. पुष्कळदा गुंड्यांच्या दोन रांगांचा आणि पाठीवर अर्धा पट्टा असलेला.

४/ कानपट्ट्यांची 'डिअरस्टॉकर' टोपी मात्र त्या नावाने डॉयलच्या कथांत कोठेही नाही. 'स्ट्रँड' मासिकाचे चित्रकार सिडनी पॅजेट यांनी ती १८९१ मध्ये रेखाटली, तीही होम्स लंडनबाहेर प्रवासाला निघालेला असताना. शहरातल्या प्रसंगांत पॅजेटचा होम्स उंच हॅट आणि फ्रॉककोट घालतो. पुढे रंगभूमीने आणि चित्रपटांनी हा भेद पुसला आणि प्रवासाचा वेश हाच कायमचा गणवेश ठरला. या हिशेबाने २०१० चा आधुनिक कोट जुन्या अल्स्टरच्या अधिक जवळचा आहे.

५/ प्रतिकृती शिवणाऱ्याचे पहिले काम सुईचे नसून नजरेचे असते. दृश्य थांबवून गुंड्या मोजायच्या, शिवणी शोधायच्या. प्रकाश बदलला की तेच कापड कधी काळे, कधी करडे दिसते. पात्र वेगाने वळले की कोटाचा घेर किती उघडतो, यावरून पाठीच्या चुणीची खोली आणि कापडाचे वजन ताडता येते. अस्तराच्या आतले मात्र काहीच दिसत नाही. म्हणून सावध कारागीर वहीत तीन रकाने आखतो : दिसलेले, अनुमानलेले आणि कल्पिलेले.

६/ त्यानंतर मांजरपाट. उंची लोकर महाग असते आणि एकदा चाललेली कात्री मागे घेता येत नाही. म्हणून आधी मांजरपाटाचा कच्चा कोट टाचायचा, अंगावर चढवायचा, खडूने खुणा करायच्या, उसवायचा आणि पुन्हा टाचायचा. मराठीत कापड 'बेतणे' आणि कामाचा 'बेत' करणे यांत एकच शब्द नांदतो, तो का, हे या टप्प्यावर चांगले उमजते.

७/ लोकरीचा धर्म सुताहून वेगळा आहे. उष्णता, वाफ आणि दाब मिळाला की लोकरीचे कापड आकसते, ताणले जाते आणि थंड होताना दिलेला आकार धरून ठेवते. घोंगडीही लोकरीचीच, पण ती अखंड पांघरायची किंवा पावसात खोळ करून डोक्यावरून घ्यायची. तिथे देह वस्त्राला आकार देतो. शिवलेल्या कोटात उलट घडते. वस्त्राचा आकार आधीच ठरलेला असतो आणि देह त्यात शिरतो.

८/ याची परीक्षा बाहीपाशी होते. बाहीच्या माथ्याचा घेर मुंढ्याच्या घेरापेक्षा मुद्दाम मोठा कापलेला असतो. ही वाढ चुणी न पाडता, धावदोऱ्याने हलकेच गोळा करून वाफेच्या इस्त्रीने जिरवावी लागते. ती जिरली तर खांदा गोलाईने उतरतो. न जिरल्यास तिथे सुरकुत्या राहतात आणि सगळा डौल जातो.

९/ कोटाची छाती ताठ राहते ती आतल्या कॅनव्हासमुळे. परंपरागत पद्धतीत त्यात घोड्याचे केस विणलेले असतात. कॅनव्हास आणि लॅपल यांना जोडणारे शेकडो बारीक तिरपे टाके हाताने घालायचे असतात. लॅपल बोटांवर वळवून धरत टाका घातला, की ते वळण कापडात मुरते. आयझॅक सिंगर यांना शिवणयंत्राचे पेटंट १८५१ मध्ये मिळाले. लांब शिवणी यंत्राकडे गेल्या. उत्तम कोटाचे हे काम मात्र पुढेही हातातच राहिले. बाहेरून ज्याला रुबाब म्हणतात, तो आतल्या न दिसणाऱ्या श्रमाचा असतो.

१०/ आता ते लाल काज. आजच्या बहुतेक कोटांवर लॅपलच्या काजासमोर गुंडीच नसते. पूर्वी कोट गळ्यापर्यंत बंद होत असे. वरचा भाग उलटा दुमडण्याची रीत पडली, त्यातून लॅपल झाला आणि काज मागे उरले. पुढे त्यात फूल खोवू लागले. उपयोग सरल्यावर उरलेल्या या खुणेलाच मालिकेने लाल दोरा दिला.

११/ सर्वांत अवघड प्रश्न शेवटी येतो. कंबरबॅच उंच आणि सडपातळ. त्याच्या कोटाची मापे जशीच्या तशी घेतली, तर बुटक्या किंवा रुंद देहावर तो कोट भलताच दिसेल. पट्ट्याची जागा, लॅपलची रुंदी, घेराची लांबी हे सारे नव्या देहाच्या प्रमाणात बदलावे लागते. मापांशी इमान राखले तर रूप हरवते. रूपाशी राखले तर मापे सोडावी लागतात. संग्रहालयातील अंगरख्याची प्रतिकृती करणाऱ्यालाही हाच निर्णय घ्यावा लागतो. निवड कोणतीही असो, ती सांगितली पाहिजे.

१२/ प्रतिकृती पुराव्याची जागा घेऊ शकते, हे डिअरस्टॉकरने दाखवलेच आहे. प्रवासापुरती काढलेली टोपी लोकांनी कायमची खरी मानली. म्हणून कोट पुरा झाल्यावर आतल्या खिशाच्या अस्तरात एक कापडी पट्टी शिवावी. तिच्यावर शिवल्याचे साल, कापडाचा प्रकार आणि वहीतल्या तिसऱ्या रकान्यातील नोंदी लिहाव्यात. पन्नास वर्षांनी तो कोट कोणाच्या हाती पडेल, सांगता येत नाही. त्या माणसाला कोटातले किती पाहिलेले आणि किती कल्पिलेले, हे नेमके कळले पाहिजे.